शेपूट आधी

घरी बांधायच्या विमानाचं किट मागवलं, की पहिल्या खोक्यात शेपूट येतं. मग पंख, मग धड, आणि इंजिन अगदी शेवटी, बँकेतली शिल्लक आणि बायकोचा धीर दोन्ही तपासून. आपल्याकडे हत्ती जातो आणि शेपूट राहतं. इथे शेपूट होतं आणि हत्ती राहतो. शेपटीचं किट त्यातल्या त्यात स्वस्त, म्हणून ते आधी विकतात. जमलं तर पुढचं घ्या, नाही जमलं तर भिंतीला टांगा. जुन्या शिकाऱ्यांच्या दिवाणखान्यात सांबरशिंगं असायची, तशी ही टांगलेली शेपटं मी अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजांत पाहिली आहेत.

माझं पहिलं शेपूट १९८७ च्या ऑक्टोबरात मिल्वॉकीला आलं. दुसऱ्याची जुळवाजुळव २०२५ मध्ये सुरू झाली. दोन्ही वेळा हवं होतं ते एकच, स्वस्तातलं विमान. फक्त ‘स्वस्त’ म्हणजे काय, याचं माझं उत्तर मधल्या अडतीस वर्षांत माझ्या नकळत बदलून गेलं.

विमान ही हातानं करायची वस्तू आहे हे मला हडपसरला कळलं. सत्तरच्या दशकात आम्ही दोघं-तिघं मित्र सुट्टीच्या दिवशी सायकली हाणत ग्लायडिंग सेंटरवर जायचो. विंच तार ओढायची, ग्लायडर पतंगासारखं उभं वर चढायचं, तार सुटायची, आणि मग वरून नुसता वाऱ्याचा आवाज. तिथे ‘रोहिणी’ असायची. आपल्याच देशात आखलेलं लाकडी ग्लायडर, शेजारीशेजारी दोन जागांचं. एकदा हँगरमध्ये एका कारागिरानं तिच्या पंखावरचं कापड सोडवून ठेवलं होतं. आत बोटाएवढ्या लाकडी पट्ट्या, प्लायवुडचे चिमुकले त्रिकोण, आणि वाटीत सरस. आमच्या वाड्यात सुतार दिवाणाचा पाय बसवताना करायचा तसंच तो गृहस्थ करत होता. लावायचं, दाबायचं, सांडलेलं बोटानं पुसायचं. वर उडणाऱ्या ग्लायडरपेक्षा मला तो उघडा पंखच जास्त आवडला. उडणं आपल्या आवाक्यातलं वाटत नव्हतं, सरस लावणं वाटत होतं.

१९८४ मध्ये शिकायला मिल्वॉकीला आलो तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की मी पंढरीच्या वेशीवरच उतरलोय. पॉल पोबेरेझ्नी या माणसानं १९५३ साली आपल्या घराच्या तळघरातून हौशी विमानबांधणाऱ्यांची जी संघटना उभी केली, ती ईएए. ते घर हेल्स कॉर्नर्सला, म्हणजे मिल्वॉकीच्या उपनगरात. संघटनेचा वार्षिक मेळा १९७० पासून ऑशकॉशला भरतो, आमच्याकडून उत्तरेला मोटारीनं दीड तासावर. जुलै सरता सरता दहा हजारांवर विमानं तिथे येऊन उतरतात. माणसं विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून आठवडा काढतात. वारीशी तुलना करायचा मोह मला दरवर्षी होतो. पाऊस, चिखल आणि अनोळखी माणसानं पुढे केलेला चहाचा पेला, एवढं तरी नक्की जुळतं. (पेल्यात कॉफी असते. पण ते चालवून घ्यायचं.)

मी पहिल्यांदा गेलो ते १९८५ साली. त्या वर्षी काँकॉर्ड आलं होतं. लोक त्याच्या भोवती गर्दी करून होते आणि मी गवतात एका पांढऱ्या, उलट्या दिसणाऱ्या विमानासमोर तासभर उभा होतो. छोटे पंख पुढे, मोठे मागे, इंजिन पाठीला, आणि पार्क करताना नाक जमिनीला टेकवून बसलेलं, नमाज पढल्यासारखं. बर्ट रुटानचं लाँग-ईझी. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेनं कापायचा, त्यावर फायबरग्लासचं कापड पसरायचं, रेझिन चोपडायचं. साचा नाही, रिव्हेट नाही, महागडं हत्यार नाही. किटसुद्धा नाही, नकाशे विकत घ्यायचे आणि सामान आपण गोळा करायचं. माझ्या विद्यार्थीदशेच्या खिशाला हेच परवडणारं होतं. मी नकाशांची चौकशी केली, तर कळलं की त्याच वर्षी रुटाननं नकाशे विकणं बंद केलं. कोर्टकज्ज्यांची धास्ती, असं लोक बोलत. लग्नाचं वय व्हावं आणि त्याच महिन्यात मुलीचं ठरावं, तसं झालं. नंतर समजलं, की बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं संशोधनासाठी याच लाँग-ईझीची आवृत्ती बांधली आणि ती १९८७ मध्ये उडाली. म्हणजे ज्यासाठी मी विस्कॉन्सिनच्या गवतात हळहळत होतो, ते तिकडे आमच्या मावशीच्या गावात तयार होत होतं.

त्या काळी विमान निवडायचं म्हणजे काय करायचं? मासिकाच्या मागच्या पानांवरच्या चौकोनी जाहिराती वाचायच्या. कंपनीला पाच-दहा डॉलरचा चेक पाठवायचा. दोन-तीन आठवड्यांनी जाडसर पाकीट यायचं: चार घडीपत्रकं, दोन रंगीत फोटो, किमतीचा टाइप केलेला तक्ता. फोटोत नेहमी ऊन पडलेलं असायचं आणि चालवणाऱ्याला टक्कल असायचं. मी ती पाकिटं पिठाच्या डब्याच्या फळीवर रचून ठेवली होती. ‘ट्रेड-अ-प्लेन’ नावाचं पिवळ्या कागदावर छापलेलं वर्तमानपत्र यायचं, त्यात जुनी इंजिनं, अर्धवट विमानं, सुटे पंखे यांच्या बारीक टाइपातल्या जाहिराती. रविवारी सकाळी पुण्यात वडील ‘सकाळ’मधल्या स्थळांच्या जाहिरातींवर ज्या एकाग्रतेनं पेन्सिल चालवायचे, तीच माझ्या हातात उतरली होती.

ऑशकॉशच्या फ्लाय मार्केटमध्ये तर मला थेट मंगळवार पेठेतला जुना बाजार भेटला. ताडपत्रीवर मांडलेले उंचीमापक, गंजके कार्ब्युरेटर, वापरलेली चाकं, आणि मागे खुर्ची टाकून बसलेला विक्रेता, ज्याला भाव विचारला की आधी तो तुमच्या बुटांकडे बघतो. घासाघीस मात्र मलाच जमायची. तिथले लोक सांगितलेला भाव देऊन मोकळे व्हायचे. एक उंचीमापक मी निम्म्या किमतीत आणला आणि अभिमानानं घरी दाखवला. तो मिल्वॉकीत कायम समुद्रसपाटीच्या खाली दाखवायचा. जुन्या बाजाराचा तोही गुण तसाच उतरला होता.

पैशांचा हिशेब तेव्हा सोपा होता, कारण पैसेच नव्हते. पोबेरेझ्नींनी १९५५ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकात ‘बेबी एस’ नावाचं एकसीटी विमान कसं बांधायचं ते लिहिलं होतं. मुखपृष्ठावर जाहीर केलं होतं, इंजिनासह आठशे डॉलरच्या आत. ईएएच्या आमच्या चॅप्टरमधले, म्हणजे स्थानिक शाखेतले, म्हातारे ‘आठशे डॉलर’ हे शब्द आपले आजोबा ‘रुपयाला किती शेर तूप’ म्हणायचे त्या सुरात उच्चारायचे. त्याच्याही आधी, १९२९ च्या सुमाराला, मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोलनं फोर्ड मॉडेल-ए मोटारीचं इंजिन काढून लाकडी विमानाला बसवलं होतं आणि ते उडलं होतं. फोक्सवॅगनच्या बीटलचं इंजिन लावून उडणारी छोटी विमानं तर ऑशकॉशला रांगेनं असायची. तेव्हाच्या स्वस्ताईची व्याख्या एका वाक्यात मावायची: जे मोटारीच्या भंगारातून, स्वतःच्या हातानं, रात्री नवानंतर होईल ते. तासांचे पैसे कुणीच धरायचं नाही. हात आपले, रात्री आपल्या, त्याचं बिल कुणाला फाडायचं?

पण जुनं ते सगळं सोनं नव्हतं, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या वयाच्या लोकांना विसरण्याची घाई असते. जिम बीडचं बीडी-५ घ्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोनशे डॉलर भरून नंबर लावायचा, आणि मिळणार काय, तर एकट्या माणसाचं, टाचणीसारखं टोकदार, जेटसारखं दिसणारं विमान. हजारो लोकांनी पैसे भरले. किटं गेली, पण इंजिनाचं कधीच धड जमलं नाही. जर्मनीतली इंजिन कंपनी बुडाली आणि १९७९ पर्यंत बीडही दिवाळखोरीत गेला. लोकांच्या गॅरेजांत देखणी धडं पडून राहिली, हृदयाविना. त्याच विमानाचा जेटवाला भाऊ पुढे १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’ या जेम्स बाँडच्या सिनेमात हँगरच्या आरपार उडाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. विमान निवडताना चित्र बघू नका, इंजिन बघा, हा धडा त्या एका किटानं एका पिढीला शिकवला.

मी निवडलं ते व्हॅन्सचं आरव्ही-४. दोन जागा, एकामागे एक, ॲल्युमिनियमचं, शेपटीकडे चाक असलेलं. रिचर्ड व्हॅनग्रनस्वेन या ओरेगॉनमधल्या इंजिनिअरनं आरव्ही-३ हे पहिलं स्वतंत्र विमान १९७१ मध्ये उडवलं आणि मग एकेक करत आकडा वाढवत नेला. शेपटीच्या किटला आमच्या एका महिन्याच्या भाड्याहून थोडे जास्त पैसे पडले. घरी एअरोग्राम लिहून कळवलं. वडिलांचं उत्तर आलं, त्यांच्या नेहमीच्या तिरप्या अक्षरात: “स्कूटरचा नंबर लागायला मला आठ वर्षं लागली. तुझं विमान किती वर्षांत येईल ते पाहू. परवाना कोण देतो?” परवान्याचं मी समजावून लिहिलं. अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून जास्त भाग तुम्ही स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी बांधला असेल तर सरकार त्याला ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून मान्यता देतं. एक्कावन्न टक्क्यांचा नियम, असं सगळे म्हणतात. वर्षांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

आमच्या भाड्याच्या घराला तळघर होतं आणि मी तिथेच धड बांधायला निघालो होतो. हिनं शिवणाचा टेप आणला, जिन्याचं वळण मोजलं आणि म्हणाली, “अहो, बांधाल हो. पण काढाल कुठून?” तळघरात विमान बांधून भिंत फोडावी लागलेल्यांचे किस्से प्रत्येक चॅप्टरमध्ये असतात. माझा किस्सा तिथे जमा झाला नाही, याचं श्रेय त्या पिवळ्या टेपला. तळघरात फक्त शेपूट झालं. पुढचं गॅरेजमध्ये, आणि त्यासाठी आधी गॅरेजवालं घर. म्हणजे त्या स्वस्त विमानापायी आम्ही घर विकत घेतलं, हे हिशेबात धरायचं की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

आरव्ही-४ चे पत्रे कापलेले यायचे, पण त्यांना भोकं नसायची. हजारो भोकं आपण आखायची, आपण पाडायची. धड सरळ यावं म्हणून आधी लाकडाची भक्कम चौकट उभारायची, जमिनीला बोल्ट मारायचे, वरून दोऱ्या ताणायच्या. मध्यरेषा बघायला मी पुण्याहून मागवलेला गवंड्याचा ओळंबा वापरला. इथल्या दुकानात मिळाला असता, पण मला तोच हवा होता. एक माणूस हवेवर चालणारी रिव्हेट गन धरणार, दुसरा पत्र्यामागे हात घालून पोलादाचा ठोकळा, बकिंग बार, टेकवून धरणार. मी गन, ही ठोकळा. टर्रर्र. कसबा पेठेत लहानपणी तांबट आळीतून जाताना कानावर यायचं ते सगळं एका गॅरेजात. गन घसरली की पत्र्यावर चंद्रकोर उमटते. इथले लोक तिला ‘स्माइली’ म्हणतात, आणि आमच्या विमानाच्या उजव्या पंखावर अशी तीन हास्यं होती. त्यातली दोन कुणाची यावरही एकमत नाही. चुकलेलं रिव्हेट ड्रिलनं काढायचं, पुन्हा मारायचं. मुलगी झाली तेव्हा सहा महिने काम बंद होतं. मग ती पाळण्यात आणि आम्ही गॅरेजमध्ये, आणि मध्ये बेबी मॉनिटर.

चॅप्टरमध्ये दारूच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक यंत्रकारागीर होते. दर महिन्याला यायचे, बोटानं रिव्हेटच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि फक्त ‘हं’ म्हणायचे. वाईट असेल तर दोनदा ‘हं’. पत्र्याला आतून प्रायमर मारायचा की नाही, यावर मात्र ते अर्धा तास बोलू शकत. तो वाद आजही चालू आहे, पुरणात गूळ की साखर या वादासारखा. दोन्ही बाजूंचे लोक आपापली विमानं तितक्याच सुखानं उडवतात.

इंजिन मिळालं ते वादळात उलटलेल्या एका पायपर चेरोकीचं, दीडशे अश्वशक्तीचं लायकमिंग. नऊ वर्षं, डायरीत २,२४० तास. १९९६ च्या सप्टेंबरात विमान उडलं. प्रमाणित इंजिन आणि प्रॉपेलरची जोडी असली की पहिले २५ तास, नाही तर ४०, ठरावीक परिसरात चाचणीचं उड्डाण करावं लागतं, प्रवासी न घेता. ते संपल्यावर ही मागच्या सीटवर बसली आणि समोरची सक्तीची पाटी वाचली: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षानियम याला लागू नाहीत. म्हणाली, “ही पाटी लग्नात अंतरपाटावर लावायला हवी होती.”

वडिलांना फोटो पाठवला. त्यांनी तो कपाटाच्या काचेत, स्कूटरच्या पावतीशेजारी लावला.

२०१० मध्ये विमान विकलं. मुलीचं शिक्षण, माझी पाठ, हँगरचं वाढतं भाडं, असं बरंच काही. घेणारा पोरगा तिशीतला होता. त्यानं तिन्ही हास्यं पाहिली आणि काही बोलला नाही, म्हणून मला आवडला.

आता सदुसष्टीच्या उंबरठ्यावर पुन्हा निवडायला बसलो, तर खेळच वेगळा. पाकिटं नाहीत, वाट पाहणं नाही. एका रात्रीत वीस विमानांची माहिती, शंभर माणसांनी आपापल्या गॅरेजात केलेले व्हिडिओ. प्रत्येक रिव्हेटचा व्हिडिओ. भोकं कंपनीतूनच संगणकावर पाडून येतात, एका पत्र्याचं भोक दुसऱ्याच्या भोकावर तंतोतंत बसतं; चौकट नको, दोरी नको, ओळंबा नको. धातूचं विमान आता स्वतःच स्वतःला सरळ करून घेतं. मी ओरेगॉनला एका ओळखीच्या घरी नव्या आरव्हीचा पंख जुळताना पाहिला आणि क्षणभर मला खरोखर राग आला. तीन शनिवार खाणारं काम त्या पोरानं जेवणाआधी उरकलं होतं. मग त्याचा पंख बघितला. माझ्यापेक्षा सरळ होता. राग गिळला.

किमतीचं मात्र उलट झालंय. १९५५ चे आठशे डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साडेनऊ हजारांच्या आसपास. तेवढ्यात आज नवं रोटॅक्स इंजिनसुद्धा येत नाही, विमान तर सोडाच. सांगाडा, इंजिन-प्रॉपेलर आणि तिसरा भाग उपकरणं-रंग-सीटा, असे खर्चाचे साधारण सारखे तीन वाटे धरायचे हा जुना ठोकताळा. आता इंजिनच पूर्ण किटइतकं, कधी त्याहून महाग पडतं. आणि जाहिरातीतला आकडा असतो तो पहिल्या वाट्याचा. हे तेव्हाही तसंच होतं. फक्त तेव्हा उरलेले दोन वाटे आपण भंगारातून आणि जागरणातून काढायचो. आज भंगारवालाही व्हिडिओ बघून भाव सांगतो.

आणि कंपनी? आपण विमान निवडतो असं वाटतं, खरं तर पुढची पाच वर्षं कुणावर विसंबायचं ते निवडतो. बीडी-५ ची गोष्ट जुनी झाली म्हणावं, तर २०२३ मध्ये व्हॅन्सवर वेळ आली. अकरा हजारांवर विमानं उडवून दाखवलेली ही कंपनी. लेझरनं कापलेल्या काही भागांच्या भोकांच्या कडांना तडे जाऊ लागले, भाग बदलून द्यायची पाळी आली, पैशांची ओढाताण झाली आणि डिसेंबरात त्यांनी दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण मागितलं. किमती चढल्या. पुढच्या वर्षी कंपनी त्यातून बाहेर आली, ही आनंदाची गोष्ट. पण ज्यांचं शेपूट झालं होतं आणि पंखांचे पैसे भरून झाले होते, त्यांनी तो हिवाळा कसा काढला असेल, ते मी समजू शकतो.

मग एकानं सुचवलं, दुसऱ्याचं अर्धवट घे. त्याहून स्वस्त काही नाही, हे खरंच आहे. इलिनॉयमध्ये एका घरी मी गेलो. आरव्ही-६, ‘पासष्ट टक्के झालेलं’. दार बाईंनी उघडलं, कारण बांधणारे गृहस्थ आता नव्हते. पंख पाळण्यात ठेवल्यासारखे लाकडी घोड्यांवर, त्यावर चादर. बाकावर पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे क्लेको रंगांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत, चंदेरी, तांबडे, काळे. डायरी उघडी नव्हती, पण बाईंनी स्वतःहून दिली. शेवटची नोंद एका मंगळवारची: दीड तास, डावा फ्लॅप, आणि पुढे ‘उद्या उरलेली आठ भोकं’. सौदा चांगला होता. इतका चांगला, की मला नको म्हणताना लाज वाटली. पण दुसऱ्यानं मारलेल्या प्रत्येक रिव्हेटवर विश्वास ठेवायचा, किंवा प्रत्येक तपासायचं. तपासायचं म्हणजे पुन्हा बांधायचंच. तयार विमान विकत घेतलं तरी हाच पेच. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ गेला तो एका हौशी माणसानं बांधलेल्या लाँग-ईझीमध्ये. ते त्यानं नुकतंच विकत घेतलं होतं. इंधनाची टाकी बदलायचा नळ नकाशाप्रमाणे समोर नव्हता, बांधणाऱ्यानं तो पाठीमागे डाव्या खांद्याजवळ बसवला होता. उडता उडता इंधन संपत आलं की मागे वळून तिथे हात घालायचा. कुणीतरी एका रात्री गॅरेजमध्ये घेतलेला निर्णय.

त्यातच सरकारनं नियम बदलले. २००४ पासून १,३२० पौंडांपर्यंतचं हलकं विमान स्पोर्ट पायलट म्हणून डॉक्टरी दाखल्याऐवजी मोटारीच्या परवान्यावर उडवता येत होतं. २०२५ मध्ये ती वजनाची मर्यादा काढून विमान किती कमी वेगात तरंगत राहतं, त्यावर मोजमाप आणलं. माझ्या वयाला ही मोठी सवलत. तरुणपणी मी विमान किती वेगानं जातं ते विचारायचो, आता किती हळू जातं ते विचारतो.

मुंबईतल्या माझ्या भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, इथे कांदिवलीत गच्चीवर बांधलंय एकानं.” खरंच. कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. किट नव्हे, स्वतःची आखणी. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या वेळी ते बीकेसीत मांडलं होतं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या. वडील असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता तो विमानाचा नव्हे, परवान्याचा. आणि त्या प्रश्नापायीच यादवांची इतकी वर्षं गेली. मी इथे गॅरेजात बसून ज्या एक्कावन्न टक्क्यांच्या नियमावर कुरकुर करतो, तो त्यांना मिळाला असता तर? भाचा म्हणाला, गच्चीवरून खाली उतरवायला क्रेन लागली होती. मी हिच्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही, पण टेप कुठल्या खणात आहे हे तिला नक्की ठाऊक होतं.

तर काय घ्यायचं? कोष्टक करून झालं. किटफॉक्सचे पंख मिटतात, म्हणजे हँगरचं भाडं वाचतं, पण कापड ताणण्याचं आणि त्यावर थरावर थर देण्याचं काम मला सोसणार नाही, वासानं डोकं उठतं. सोनेक्स ऑशकॉशचंच, १९९८ चं, फोक्सवॅगनच्या वंशातलं इंजिनसुद्धा किटमध्ये जुळवायचं. मन तिथे बराच वेळ घोटाळलं, पीटनपोलच्या घराण्यातलं वाटतं म्हणून. पण आत बसायला माझं पोट त्यांच्या नकाशात धरलेलं नाही. शेवटी निर्णय कोष्टकानं केला नाही, हिनं केला. “ह्या वेळी मी ठोकळा धरणार नाही. एकट्यानं मारता येणारी रिव्हेट असतील तेच घ्या.”

पॉप रिव्हेट. बाहेरूनच घालायचं, ओढायचं, खट्. मागे कुणी लागत नाही. ऐकायला सोयीचं, पण ते ऐकताना घरात थोडा वेळ शांतता होती. नऊ वर्षं पत्र्याच्या त्या बाजूला दुसरं माणूस होतं. दिसायचं नाही, हात दुखला की आवाज यायचा.

पॉप रिव्हेटचं म्हणजे झेनिथचं सीएच ७५०. फुगीर पंख, ठोकळ्यासारखं नाक, सौंदर्यस्पर्धेत पहिल्या फेरीत बाद. पण शेतात उतरतं आणि शेतातून उडतं. त्याचं घराणं सुरू करणारे ख्रिस हाइन्त्झ मूळचे युरोपातले, आणि तिथे असताना त्यांनी काँकॉर्डवर काम केलं होतं. १९८५ मध्ये ज्या विमानाकडे पाठ करून मी गवतात उभा होतो, त्यावर काम केलेल्या माणसानं पुढे पत्र्याचं हे साधंसुधं विमान आखलं. झेनिथची पाटीही कोरी नाही. त्यांच्या ६०१-एक्सएलचे पंख हवेत मोडल्याच्या घटना घडल्या, २००९ मध्ये अपघात तपासणाऱ्या मंडळानं ती विमानं जमिनीवर ठेवायला सांगितलं आणि मग पंखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. मी ते सगळे अहवाल वाचून काढले. तरुणपणी घडीपत्रकं वाचायचो, आता अपघाताचे अहवाल वाचतो, आणि खरं सांगायचं तर अहवालांत भाषा जास्त चांगली असते.

कंपनी मिसुरी राज्यात मेक्सिको नावाच्या गावी आहे. पुण्यात भावाला ‘मेक्सिकोला चाललोय’ म्हटलं तर त्यानं पाण्याची काळजी घ्यायला सांगितली. तिथे दोन दिवसांची कार्यशाळा असते. पैसे भरायचे, त्यांच्या बाकावर त्यांच्या हत्यारांनी रडर बांधायचा, म्हणजे शेपटीचं सुकाणू, आणि घरी घेऊन यायचा. जमलं तर पुढचं किट घ्या. आम्ही दोघंही गेलो. ही बघ्याची भूमिका घेणार होती. पहिल्या दिवशी जेवणानंतर मी मान वर केली तर हिच्या हातात रिव्हेट ओढायचं हत्यार होतं, आणि शेजारच्या बाकावरच्या टेक्सासच्या गृहस्थांना ती रांग कुठून सुरू करायची ते समजावत होती.

रडर मागची सीट पाडून गाडीत तिरका बसला. विस्कॉन्सिनपर्यंत रात्रभर तो खड्ड्यागणिक किणकिणत होता. घरी पोचल्यावर गॅरेजमध्ये टांगायला जागा शोधली, तर नेमका खिळा होता तो ओळंब्याचा. ओळंबा काढून खिशात टाकला आणि रडर वर चढवू लागलो.

“थांबा,” ही दारातून म्हणाली. पिवळा टेप तिच्या गळ्यात होता, शिंप्यासारखा. “पंख मोजलेत, धड मोजलंत. चाकांवर उभं राहिल्यावर शेपटीची उंची किती? आणि दाराची?”

मी दोन्ही मोजल्या नव्हत्या.